गाणाऱ्यांचे म्हातारपण

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही तपशील लिहिताना घातले आहेत.)



कट्ट्यावर मला बोलायला उभं केलं की विषय ठरलेला असतो : ज्येष्ठांसाठी सुरक्षित गुंतवणूक. छत्तीस वर्षं बँकेत काढल्याची ही शिक्षा आहे. या विषयावर मी आतापर्यंत तीनदा बोललो आहे आणि तिन्ही वेळा पहिल्या रांगेतले आपले दोन सन्माननीय सभासद झोपले होते. नावं घेत नाही, ते आजही पहिल्याच रांगेत आहेत. म्हणून या वेळी सेक्रेटरींना म्हटलं, वर्ष रौप्यमहोत्सवाचं आहे, मला गाण्याबद्दल बोलू द्या. ते म्हणाले, "काका, तुम्ही गाणार नाही ना?" गाणार नाही. पण मध्ये मध्ये हिशेब येईल, त्याला इलाज नाही.

आमचे चिरंजीव अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात असतात, रॅले शहराजवळ केरी म्हणून गाव आहे तिथं. आपली मराठी माणसं तिकडं बरीच आहेत. आम्ही दोघं सहा महिने राहायला गेलो होतो. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, आणि आपण काचेतून रस्ता बघत बसायचं, हा अनुभव इथं निम्म्या लोकांना आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. एका रविवारी मुलगा आम्हाला जवळच्या कारबरो गावात घेऊन गेला. तिथं रेल्वेच्या रुळांच्या कडेनं चालायला आणि सायकलीला एक वाट केली आहे. त्या वाटेला नाव दिलंय लिबा कॉटन यांचं. मी आपला विचारलं, या कोण, इथल्या नगराध्यक्षा का? मुलानं फोनवर वाचून सांगितलं, "नाही बाबा, त्या घरकाम करायच्या."

तिथून हे सगळं सुरू झालं. पुढचे चार महिने मी तिथल्या वाचनालयात जाऊन बसत होतो.

एलिझाबेथ ऊर्फ लिबा कॉटन याच कारबरोच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जन्मल्या, लहानपणी गिटार शिकल्या, तीही डावखुऱ्या असल्यामुळे उलटी धरून. घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर त्यांनी पोरवयात एक गाणं केलं. मग लग्न, संसार, चर्च, आणि गिटार सुटली ती सुटलीच. वॉशिंग्टनला एका मोठ्या दुकानात नोकरीला असताना त्यांना एक चुकलेली मुलगी सापडली, ती त्यांनी आईच्या हाती दिली. ते घर होतं सीगर कुटुंबाचं, लोकसंगीताच्या अभ्यासकांचं. त्या घरात बाई स्वयंपाकपाण्याला लागल्या आणि भिंतीवर टांगलेली गिटार एक दिवस काढून वाजवू लागल्या. तेव्हा त्या साठीकडे झुकल्या होत्या. पुढं १९५७ साली त्यांचं मालगाडीचं गाणं इंग्लंडमध्ये गाजलं, पण रचनाकार म्हणून नावं भलत्यांचीच लागली. ते हक्क मिळवायला भांडावं लागलं. मिळाले. कार्यक्रमांच्या पैशांतून त्यांनी सिराक्यूज गावी स्वतःचं घर घेतलं, नव्वदीच्या घरात ग्रॅमी पुरस्कार घेतला आणि १९८७ साली गेल्या. ही गोष्ट सुखाची आहे. म्हणून आधी सांगून टाकली. बाकीच्या तशा नाहीत.

आता ब्लूज म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो, कारण मला दोनच वाक्यांइतकं कळतं. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यात, गुलामगिरी कायद्यानं संपल्यावरही वाट्यानं शेती करत कर्जात बुडालेल्या काळ्या लोकांचं हे गाणं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण झाली मला. पण ओवीत पांडुरंग येतो, इथं बहुतेक वेळा सावकार, रेल्वे आणि सोडून गेलेलं माणूस येतं.

१९२०-३० च्या दशकात या लोकांच्या तबकड्या निघू लागल्या. कोण काढत होतं? त्यातली एक नामांकित कंपनी होती पॅरामाउंट. ती मालकीची होती विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याच्या! खुर्च्यांबरोबर ते फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवायचे, कपाट खपायचं तर तबकडी पाहिजे, म्हणून तबकड्या. गाणाऱ्याला गाडीभाडं आणि किरकोळ रोख रक्कम हातावर ठेवायची, विषय संपला. व्हाउचर नाही, करारपत्राची प्रत नाही. असे व्यवहार पाहून माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

स्किप जेम्स हे मिसिसिपीतल्या बेंटोनिया गावचे. १९३१ च्या फेब्रुवारीत या खुर्चीवाल्यांकडे जाऊन त्यांनी तबकड्या केल्या. गिटारही वाजवली, पियानोही. मंदीचे दिवस होते. तबकड्या खपल्या नाहीत, पुढच्या वर्षी कंपनीनं ध्वनिमुद्रणच थांबवलं. जेम्स वडिलांसारखे धर्मोपदेशाकडे वळले आणि तेहतीस वर्षं या दुनियेतून नाहीसे झाले. १९६४ च्या जूनमध्ये तीन तरुण पोरं, जुन्या तबकड्यांची वेडी, त्यांना शोधत शोधत मिसिसिपीत पोचली. जेम्स सापडले ते ट्यूनिका गावच्या इस्पितळात, खाटेवर. पुढच्याच महिन्यात ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवात ते हजारो श्रोत्यांपुढे गायला बसले. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

पण जरा थांबा. आजारी माणूस शोधून काढला, व्यासपीठावर बसवला, टाळ्या झाल्या. आजार कुठं गेला? तो होताच. जेम्सना कॅन्सर होता. वॉशिंग्टनच्या एका इस्पितळातल्या मुक्कामावर त्यांनी गाणंच रचलं, त्याच्या नावातच इस्पितळ आहे. अमेरिकेत पासष्टीनंतरच्या लोकांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा सुरू झाला जुलै १९६६ मध्ये. त्या जूनमध्ये जेम्सना चौसष्ट पूर्ण झाली होती. आपल्याकडं बसच्या सवलतीसाठी आधार कार्डावरची जन्मतारीख बघतात, त्यातला प्रकार.

मग मदत आली कुठून? १९६६ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या 'क्रीम' नावाच्या रॉक बँडनं, एरिक क्लॅप्टन त्यात गिटार वाजवायचे, आपल्या पहिल्या तबकडीत जेम्स यांचं १९३१ चं एक गाणं घेतलं. महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. तबकडीवर रचनाकार म्हणून नाव त्यांनी स्किप जेम्स असंच छापलं. तेवढ्या एका ओळीमुळं रॉयल्टी जेम्सच्या नावावर जमा झाली आणि औषधपाण्याला हातभार लागला. जन्मभराच्या गाण्यातून त्यांना मिळालेला मोठा पैसा तोच. १९६९ च्या ऑक्टोबरात ते फिलाडेल्फियाला वारले, वय ६७.

रॉयल्टीबद्दल काल एकानं विचारलं होतं म्हणून सांगतो. तुमचा फ्लॅट तुम्ही भाड्यानं दिलात. भाडेकरू राहतोय तोवर भाडं येणार, तुम्ही झोपलेले असा की आजारी असा. गाण्याचं तसंच आहे. दुसऱ्यानं गायलं, छापलं, विकलं, की रचनाकाराला भाडं. फक्त सात-बारावर नाव पाहिजे. या लोकांच्या बाबतीत सात-बाराच दुसऱ्यांनी आपल्या नावावर करून घेतला होता.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण आर्थर 'बिग बॉय' क्रडप. एल्विस प्रेस्ली हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १९५४ साली त्याची पहिली तबकडी निघाली, त्यावरचं गाणं क्रडप यांनी १९४६ मध्ये केलेलं. त्या गाण्यानं एल्विस एल्विस झाला म्हणा ना. क्रडप यांना काय मिळालं? जवळजवळ काही नाही. त्यांच्या मॅनेजरनं हक्कांचे कागद असे करून घेतले होते की पैसा मधेच जिरत होता. क्रडप गाणं सोडून व्हर्जिनियात शेतमजुरी करत राहिले.

साठच्या दशकात डिक वॉटरमन नावाचा एक माणूस या म्हाताऱ्यांचं काम बघायला लागला. तो आधी बातमीदार आणि छायाचित्रकार होता. सन हाऊस नावाचे एक थोर गायक न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी सापडले, त्यांना शोधणाऱ्या तिघांत तो होता. हाऊस यांनी गिटार इतकी वर्षं हातात धरली नव्हती की स्वतःचीच गाणी विसरले होते. ॲल विल्सन नावाच्या विशीतल्या एका गोऱ्या पोरानं समोर बसून त्यांना त्यांचीच जुनी वादनाची पद्धत पुन्हा शिकवली! असो, तो वेगळाच विषय आहे, पण आठवल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही. तर या वॉटरमननी क्रडप यांच्या थकलेल्या रॉयल्टीचा पिच्छा पुरवला. पत्रव्यवहार, वकील, हिशेब. १९७१ साली संगीत-प्रकाशन कंपनीशी तडजोड ठरली : ६०,००० डॉलर. क्रडप मुलांना घेऊन व्हर्जिनियाहून न्यूयॉर्कला आले. कंपनीच्या कचेरीत बसून सगळ्या कागदांवर सह्या केल्या. वकील ते कागद घेऊन मालकाच्या सहीसाठी आत गेला. आणि बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं बाहेर आला. मालक सही करायला तयार नाही. कोर्टात हरलो तरी एवढे जाणार नाहीत, हा त्यांचा हिशेब.

मी कर्जमंजुरीच्या टेबलावर बरीच वर्षं बसलो आहे. सगळे कागद पुरे होऊन शेवटच्या सहीला माणूस परत जातो, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे. क्रडप मुलांना घेऊन तसेच परत गेले. १९७४ च्या मार्चमध्ये वारले. नंतर ती प्रकाशन कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घ्यायची ठरवली, तेव्हा वॉटरमननी पुन्हा तगादा लावला, आणि वारसांना पैसे मिळाले. पहिलीच रक्कम दोन लाख डॉलरच्या पुढची होती. माणूस मात्र नव्हता.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर डब्ल्यू. सी. हँडी. ब्लूजला छापील कागदावर आणणारा माणूस. त्यांनीही १९१२ साली आपल्या पहिल्या गाजलेल्या रचनेचे हक्क ५० डॉलरला विकले. पण ठेच लागल्यावर शहाणे झाले, स्वतःची प्रकाशन संस्था काढली, बाकीचं सगळं आपल्या ताब्यात ठेवलं आणि अठ्ठावीस वर्षांची मुदत संपल्यावर १९४० मध्ये ती पहिली रचनाही परत मिळवली. शेवटी आंधळेपण आलं, पण आयुष्य सुस्थितीत गेलं. मेम्फिसच्या ब्लूज फाउंडेशननं आजारी कलावंतांसाठी जो निधी काढला आहे, त्याला हँडींचं नाव दिलंय. या निधीतून डॉक्टरचं, औषधांचं बिल भागवतात, मृत्यू झाला तर अंत्यविधीचा खर्च देतात, आणि दातांचा खर्चही देतात. दातांचं वाचून मी चमकलो. मग लक्षात आलं, तोंडानं हार्मोनिका वाजवणाऱ्याचे दात गेले की धंदाच गेला. ज्यानं ही नियमावली लिहिली त्यानं कलावंत जवळून पाहिलेला असणार.

आता ज्या संस्थेसाठी मी मुद्दाम हा विषय घेतला तिच्याकडे येतो. म्युझिक मेकर. तिचं ठिकाण हिल्सबरो, आम्ही राहत होतो तिथून मोटारीनं फार लांब नाही. टिम डफी नावाचा लोकसाहित्याचा अभ्यासक, हातात टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या गायकांच्या मागे फिरणारा. एका आजारी गायकानं मरण्यापूर्वी त्याला सांगितलं की विन्स्टन-सेलम गावात गिटार गेब्रिएलला शोध. तो सापडला सरकारी चाळवजा वस्तीत. खरं नाव रॉबर्ट जोन्स. डोक्यावर मेंढीच्या कातड्याची पांढरी टोपी. १९७० साली दुसऱ्याच नावानं एक तबकडी केली होती, त्याचे पैसे न मिळाल्यानं धंद्यावरचं मन उडालेलं. डफी त्याच्याबरोबर वाजवू लागला. तबकडी केली, न्यूयॉर्कमध्ये आणि युरोपात कार्यक्रम केले.

पण कार्यक्रम महिन्यातून कितीसे? गेब्रिएलला दवाखान्यात कोण नेणार? डफीच आपल्या गाडीतून न्यायचा. औषधं आणायची, किराणा भरायचा. आणि एकाच्या घरी गेलं की शेजारचा दुसरा म्हातारा गाणारा भेटायचा, त्याचीही तीच अवस्था. हे एकट्याच्या खिशातून होण्यासारखं नव्हतं. म्हणून १९९४ मध्ये टिम आणि त्याची बायको डेनिस यांनी संस्था काढली. क्लॅप्टन, ताज महाल (हे एका काळ्या गायकाचं नाव आहे, आपलं आग्र्याचं नव्हे) अशा मोठ्या लोकांनी पाठबळ दिलं.

त्यांची कामाची पद्धत मला आवडली. एक, पुरस्कार आणि शाल-श्रीफळ यावर भर नाही. औषधं, घरभाडं, विजेचं बिल, गळकं छप्पर यावर आहे. दरमहा पैसे पोचतात. दुसरं, ज्याला वाजवता येतं त्याला कार्यक्रम मिळवून देतात, म्हणजे माणूस देणगीदारापुढे हात पसरून नाही, हातात गिटार घेऊन उभा राहतो. १९९६ च्या एप्रिलमध्ये गिटार गेब्रिएल वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे गिटार त्याच्याबरोबर पुरली.

इथं एका भगिनींनी मला मधेच विचारलं, की त्यांची मुलंबाळं बघत नव्हती का? प्रश्न बरोबर आहे. काहींची बघत होती. पण मुलंही शेतमजूरच. आणि अमेरिकेत १९३५ साली वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना त्यातून वगळलं होतं. त्यांना आत घेतलं १९५० च्या दशकात. गाणाऱ्याला तर शनिवारच्या रात्रीचे पैसे रोख मिळायचे. कुठं नोंद नाही, वर्गणी नाही, मग पेन्शन कसली? सगळा जन्म काम करून कागदावर मात्र तो बेकार.

आता मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. बोलताना मी ती टाळणार होतो, पण विषयच तिथं घेऊन गेला.

१९८० च्या सुमाराला मी एका तालुक्याच्या गावी शाखेत सब-अकाउंटंट होतो. एक म्हातारे गृहस्थ यायचे. तरुणपणी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवत. सरकारच्या वृद्ध कलावंत मानधनाचा चेक त्यांच्या खात्यात जमा व्हायचा. एकदा त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात थरथरायचा. पैसे काढायच्या स्लिपवरची सही नमुन्याशी जुळेना. मी स्लिप परत केली. पुढच्या वेळी पुन्हा परत केली. उद्धटपणे नव्हे, अगदी नियम समजावून सांगून. "बाबा, सही जुळली पाहिजे, तुमच्याच पैशांची काळजी आहे." ते मान हलवून गेले. मग आलेच नाहीत. काही महिन्यांनी त्यांची सून आली. म्हणाली, "साहेब, चार म्हैनं झालं गोळ्या बंद हाईत. आता तर अंथरुणालाच खिळल्यात."

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एकच प्रश्न विचारला, "अंगठा का घेतला नाहीस?" आजारी किंवा अपंग खातेदाराचा अंगठा बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असला म्हणजे झालं. अंगठाही उठत नसेल तर पायाचा ठसा चालतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वाचलेलं होतं. डोळ्यांसमोर ढोलकीवाला उभा असताना आठवलं नाही. त्याच संध्याकाळी हेडकॅशियरला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, अंगठा घेतला, पैसे सुनेच्या हाती दिले. म्हातारबांना तोवर बोलता येत नव्हतं. दिवाळीच्या आधीच ते गेले. न्यूयॉर्कच्या त्या कंपनी मालकानं सही नाकारली, त्याच्यावर मी मघाशी तोंडसुख घेतलं. माझ्याही टेबलावर एक सही नाकारलेली आहे.

म्हणून आता आपल्या सोसायटीचा विषय.

आपल्या गणपतीला सकाळच्या आरतीआधी सनई वाजते. पहिल्या वर्षापासून वाजते. वाजवणारे मामा गावठाणातून येतात, आपल्या मुलांनी त्यांना जन्मापासून पाहिलंय. गेल्या दोन गणपतींत आपण मोबाईलवरची सनई लावली, हे किती जणांच्या लक्षात आलं? मामांना दम्याचा त्रास आहे, समोरचे दात गेले आहेत, सनईची पत्ती ओठांत ठरत नाही. मी जाऊन आलो. दोन खोल्या आहेत, मुलगा रिक्षा चालवतो, इनहेलर महिन्याला एक लागतो तो पुरवून पुरवून वापरतात.

कमिटीत सूचना आली की वर्गणी काढून रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार करावा, पाकीट द्यावं. जरूर करा, माझी वर्गणी मी दिली आहे. पण पाकीट दोन महिन्यांत संपेल. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, आता महिना ५,००० रुपये मिळतात. मामांनी अर्ज केला होता. तो पुढं सरकत नाही, कारण इतकी वर्षं कला सादर केली याचा पुरावा पाहिजे. मामांकडे पुरावा म्हणजे सनई. लग्नांत वाजवलं, देवळांत वाजवलं, पैसे रोख. अगदी मिसिसिपीसारखं.

मिसिसिपी जॉन हर्ट म्हणून एक गायक होते. १९२८ साली एका तबकडीत त्यांनी आपल्या गावाचं नाव घेतलं होतं, ॲव्हलॉन. त्या एका शब्दावरून पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, एक तरुण जुना नकाशा काढून त्या गावी पोचला आणि गुरं राखणारे हर्ट सापडले. एवढासा पुरावा पुरतो, पण तो कुणीतरी जपलेला असावा लागतो.

आपल्याकडं पुरावा आहे. आपण सोसायटी आहोत, आपण प्रत्येक गोष्टीचं व्हाउचर करतो! मी खजिनदारांबरोबर पंप रूमवरच्या माळ्यावर चढलो (या वयात चढलो, याचीही नोंद व्हावी) आणि जुन्या फायली उतरवल्या. 'गणेशोत्सव, सनईवादन' अशी सोळा वर्षांची व्हाउचर मिळाली, तारीख, रक्कम आणि मामांच्या सहीसकट. दोन ठिकाणी अंगठा आहे, त्या वर्षी हाताला प्लास्टर होतं म्हणे. सोसायटीच्या लेटरहेडवर दाखलाही तयार केला आहे, अध्यक्षांनी सही केली आहे.

मात्र सुरुवातीच्या पाच वर्षांच्या फायली २००५ च्या जुलैच्या पुरात भिजून गेल्या, आणि नंतरचीही काही वर्षं मधली मधली गायब आहेत. कार्यालयात कागद जितका भक्कम तितका बरा. म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे. घरातले जुने अल्बम काढा. मोबाईल येण्याच्या आधीचे, प्लॅस्टिकच्या खिशांचे. गणपतीच्या फोटोत आपण बाप्पा आणि आपली मुलं बघतो. डाव्या कोपऱ्यात, मंडपाच्या खांबाजवळ, पांढऱ्या टोपीतला माणूस सनई घेऊन बसलेला दिसतो का ते बघा. दिसला तर फोटो मला आणून द्या, बी विंग, दुसरा मजला. झेरॉक्स काढून मूळ फोटो परत देईन. मागं स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असेल तर फारच उत्तम. आणि दातांच्या कवळीचं मी आपल्या सी विंगमधल्या डॉक्टरीणबाईंशी बोललो आहे, त्यांनी मामांना पुढच्या सोमवारी संध्याकाळी बोलावलंय. त्या दिवशी कुणाची गाडी मोकळी असेल तर आत्ताच सांगा.